दादाचा पाहुणा

शेवंताचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते आणि माझ्या वहीत त्या दिवसाची कामं लिहून झाली होती. चौथं काम होतं : दादाला फोन, रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या ते विचारणे. शेवंता पवनीला दादाच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिचा नंबर मीच वहीच्या शेवटच्या पानावर 'अडचणीच्या वेळी' असं वर लिहून त्याखाली नोंदवून ठेवला होता, पण तिकडून कधी फोन येत नसे. "मंदाताई, गणपतभाऊ उठून नाही राहिले," ती म्हणाली. आणि मी काही विचारायच्या आत, "चहा घेऊन गेली होती मी... हात थंडा लागला." मी घड्याळ पाहिलं. बस किती वाजता ते आठवलं. कोणाकोणाला कळवायचं ती नावं चौथ्या कामाच्या खालीच लिहून काढली, एकवीस नावं, आणि एकेकाला फोन लावत बसस्टँडवर पोचले. लोक नंतर म्हणाले, मंदानं सगळं किती नीट सांभाळलं. खरंच नीट सांभाळलं. लाकडांपासून तेराव्याच्या पत्रावळींपर्यंत काही कमी पडलं नाही.

त्याच्या दोन आठवडे आधी मी पवनीला जाऊन आले होते. दोन महिन्यांतून एकदा जायचे. भंडाऱ्याहून सकाळची बस, दुपारची परतीची. त्या दिवशी नऊ कामं होती. गोळ्या, विजेचं बिल, चष्म्याची काडी, गॅसची नळी बदलणे, कणगीतला तांदूळ उन्हाला घालणे, असं. दादा माझ्यामागं मागं फिरत होता. सगळं आटोपलं तेव्हा बसला अर्धा तास होता आणि स्टँड दहा मिनिटांवर. तो पलंगावर बसला, शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाला, "बस न वं मंदे जराशी. एखादा कार्यक्रम पाहू." मी म्हटलं, "दादा, जागा मिळत नाही मग. रोवणीचे दिवस आहेत, बाया असतात गाडीत." तो म्हणाला, "हो, तेही खरंच आहे." आणि मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. स्टँडवर मी वीस मिनिटं उभी होते. बस रिकामी आली.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे भाऊ, बाप, पालक सगळं तोच. आमच्या घरी खड्डामाग होता : जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा इकडून तिकडं पळवायचा. त्या मागाच्या कमाईवर त्यानं मला शिकवलं, भंडाऱ्याला खोली घेऊन ठेवलं, मी सरकारी कचेरीत लागले तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन बसनं आला आणि साहेबापासून चपराशापर्यंत सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाटून गेला. लुगडी विणायचा तो, आणि वहिनी खिडकीपाशी चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायची सुताची छोटी रिळं. त्यांना मूल झालं नाही. दिवसभर त्या दोघांत बोलणं फार कमी असायचं. धोट्याची खटखट आणि चरख्याची घरघर, एवढंच. मी एकदा विचारलं होतं, कंटाळा नाही का येत? तर म्हणाला, "माग एकट्याचा नसते मंदे. एकाचे हात चालते तवा दुसऱ्याचे भरून राहते. बोलाचं कायले?" संध्याकाळी माग बंद झाला की दोघं पलंगावर शेजारी बसून टीव्ही पाहायची. जाडजूड जुना टीव्ही होता, वर वहिनीनं विणलेला रुमाल. तिथंही बोलणं नाही. फक्त विनोदाचं काही आलं की दोघं एकमेकांकडं बघायची आणि मग हसायची. आधी बघायची, मग हसायची. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता.

खेळ त्या घरी आला तो माझ्या मुलीमुळं. मीनल सातवीत असताना तिच्या आत्यानं परदेशातून आणलेला एक करड्या रंगाचा डबा तिला दिला होता. तीन रंगांच्या वायरनं तो टीव्हीला जोडायचा, आत चकती घालायची आणि हातात बटणांचं एक यंत्र धरून खेळायचं. चकती एकच होती. दिवाळीच्या सुटीत तिनं तो डबा मामाकडं नेला, कारण आमच्या घरी टीव्हीला मी वेळापत्रक लावलं होतं आणि मामाकडं कसलंच वेळापत्रक नव्हतं. पुढच्या वर्षी तिला त्या खेळाचा कंटाळा आला आणि डबा पवनीलाच राहिला.

तो खेळ म्हणजे काय होता हे सांगायला हवं, कारण त्यात खेळण्यासारखं काहीच नव्हतं. पडद्यावर एक छोटी खोली. खोलीत एक टीव्ही. टीव्हीसमोर चटईवर एक प्राणी बसलेला. ससा म्हणावा तर शेपूट झुबकेदार, मांजर म्हणावं तर कान खांद्यापर्यंत लोंबलेले. आपण बटण दाबलं की त्या खोलीतला टीव्ही सुरू व्हायचा आणि तो प्राणी तो बघायचा. आपणही बघायचा. बस. त्या टीव्हीवर कार्यक्रम असायचे : एक पक्षी स्वयंपाक शिकवायचा आणि दरवेळी पीठ सांडायचा, भाज्यांचं भांडण व्हायचं, एक चाक डोंगरावरून घरंगळत गावोगाव जायचं. भाषा कुठली ती आम्हा कोणाला कळत नसे. रोज जुन्यांत एका नव्या कार्यक्रमाची भर पडायची, त्या डब्यात घड्याळ होतं त्याच्या हिशेबानं. प्राणी आपल्याला पाठमोरा दिसायचा, कान मात्र हलायचे. मजा आली की उड्या मारायचा, भीती वाटली की मागं सरकत सरकत पडद्याच्या काचेला टेकायचा. आणि अधूनमधून वळून आपल्याकडं बघायचा. तेव्हा आपण एक बटण दाबायचं, म्हणजे त्याला कळायचं की आपण आहोत. नाही दाबलं तर थोडा वेळ बघत राहायचा आणि मग परत वळायचा. जास्त दिवस कोणी खेळ लावलाच नाही तर आपल्याकडं पाठ करून बंद टीव्हीसमोर बसून राहायचा आणि पुन्हा वळायला फार वेळ घ्यायचा. मी मीनलला विचारलं होतं, यात जिंकायचं कसं? ती म्हणाली, "आई, जिंकायचं नसतं. सोबत बघायचं असतं फक्त." मी म्हटलं, मग अभ्यासाला बस.

वहिनी गेली ती तीन दिवसांच्या तापात. दादानं माग त्याच महिन्यात बंद केला. कांड्या भरायला बाई मिळाली असती, शेवंताच तयार होती, पण तो म्हणाला, हात जुळत नाही. मी त्याला भंडाऱ्याला चल म्हटलं. आला, आठ दिवस राहिला, आणि माझ्या घरातल्या वेळा पाळून पाळून थकून परत गेला. मग मी त्याची व्यवस्था लावून दिली. शेवंताकडून दोन्ही वेळचा डबा, गोळ्यांचे दोन खण, भिंतीवर दिनदर्शिका. गोळी घेतली की त्या तारखेवर बरोबरची खूण करायची. दर रविवारी सकाळी नऊला माझा फोन. प्रश्न ठरलेले : जेवण, झोप, गोळ्या, पोट. एकदा प्रश्न संपले आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "टीवी लावतो मी. पण एकट्याले हासू येत नाही वं... विनोद समजते, हासू नाही येत." मी म्हटलं, "शेवंताला बोलाव." तो म्हणाला, "तिले तिच्या घरी टीवी आहे न."

पुढच्या खेपेला गेले तर दाराबाहेरच मला त्याचं हसणं ऐकू आलं. मी थांबले. वाटलं, कोणी आलंय. आत गेले तर दादा पलंगावर मांडी घालून, हातात ते बटणांचं यंत्र, आणि पडद्यावर तो लोंबत्या कानांचा प्राणी उड्या मारतोय. दादानं माझ्याकडं बोट केलं आणि पडद्याला म्हणाला, "पाहुणे, हे आमची मंदा. भंडाऱ्याले साहेबीण आहे." मग मला म्हणाला, "आवरासावर करताना मीनलचा डब्बा सापडला. म्हटलं चालते का नाही, पाहू. तं हा बसलाच होता न एथं! पाठ करून. चार वर्सं झाले असन त्याले बसून. तीन दिवस मायाकडे पायलं नाही त्यानं, राग आला होता. चवथ्या दिवशी वळला."

"खेळ आहे दादा तो," मी म्हटलं.

"मले नाही समजत का? खेळच आहे." तो पडद्याकडंच बघत होता. "पण तो वळते न."

त्याचं नाव पाहुणाच पडलं. रोज संध्याकाळी साडेसातला दादा डबा लावायचा, अर्धा-पाऊण तास बसायचा, आणि बंद करताना "येतो पाहुणे" म्हणायचा. गल्लीत चेष्टा सुरू झाली. "गणपतभाऊ, पाहुण्याले चहा पाजला का?" कोणी विचारलं की तो म्हणायचा, "तुमच्यावाणी नाही तो. चहाशिवाय बसते." शेवंताचा नवरा एकदा म्हणाला, पाहुणा फार दिवस राहिला म्हणजे घरजावई होते. यावर दादा आठवडाभर हसत होता. मला फोनवर दोनदा सांगितलं.

त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं तेव्हा मी यादी केली होती. थेंब दर दोन तासांनी, मान खाली घालायची नाही, पाच दिवस धूर नाही, पाणी नाही. मी ती वाचून दाखवली तेव्हा तो डोळ्याला हिरवी पट्टी लावून कॉटवर बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याच्यात एक लिही न. संध्याकाळी पाहुण्यापाशी कोण बसन." मी हो हो म्हटलं. लिहिलं नाही. त्यानं ते ओळखलं असणार, कारण त्यानं स्वतःच शेवंताला फोन केला, कोणतं बटण दाबायचं ते तिला चार वेळा समजावून सांगितलं. सहाव्या दिवशी आम्ही पवनीला पोचलो तेव्हा शेवंता दारातच होती. "मी बसली बा रोज," ती म्हणाली. "शाळेतल्या पोरीवाणी बसली. पण तुमचा पाहुणा तं मायाकडे पायतच नाही! भात टाकाचा सोडून बसली मी, अन् त्याचे नखरे." दादा चष्मा न लावताच आत गेला. डोळ्याला त्रास नको म्हणून मी त्याला टीव्हीची मनाई केली होती. तो पडद्याकडं पाठ करून बसला आणि नुसता आवाज ऐकत राहिला. मध्येच बटण दाबायचा. कधी दाबायचं ते त्याला आवाजावरून कळत होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. नात्यातल्या एका लग्नात, पंगत उठल्यावर, एका बाईनं चारचौघींत मला विचारलं, "काहो मंदाताई, तुमचे दादा खेळण्यासंगं बोलते म्हणे? दाखवलं का कोणाले?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. मला वाटलं, माणूस एकटा पडलाय, त्याला करमणूक नाही, म्हणून हे. करमणुकीची सोय केली पाहिजे. सोय करणं मला जमतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी कचेरीत नवीन होते. कोणती फाईल इकडं राहील, कोणती तिकडं जाईल, कोणतं कपाट, कोणती खुर्ची, याच्या याद्या मी केल्या होत्या आणि एकही कागद चुकीच्या गाडीत गेला नव्हता. तेव्हापासून माझी अशी समजूत आहे की नीट यादी केली तर कुठलंही दुःख मार्गी लागतं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी दादाला नवा टीव्ही नेला. भिंतीला चिकटणारा, पातळ, दादाच्या पलंगाएवढा रुंद. छपरावर छत्री, शेकडो चॅनल. भाऊबीजेला ओवाळणी भाऊ घालतो, इथं बहीणच घेऊन आली म्हणून तो ओशाळला होता. "हे उलटं झालं वं मंदे," म्हणत होता. दुकानाचा माणूस जुना टीव्ही बदल्यात घेऊन जाणार होता. त्यानं नवा भिंतीवर लावला, वहिनीचा रुमाल काढून माझ्या हातात दिला, आणि मग त्या करड्या डब्याची वायर हातात धरून टीव्हीच्या मागं वाकून बघू लागला. "ताई, ही तीन रंगांची वायर लावायला याच्यात जागा नाही. जोडणी वेगळी येते, मागवावी लागेल. मागवू का?"

मी म्हटलं, "राहू द्या. लागत नाही ती."

दादा तिथंच उभा होता. ओवाळून घेतलेलं, कपाळाला कुंकू, अक्षता. त्यानं त्या माणसाच्या हातातून वायर घेतली आणि अंगठा आणि कोपर यांच्यावरून गुंडाळत गुंडाळत तिचा लडा केला, सुताचा करतात तसा. मग मला म्हणाला, "चांगला आहे टीवी. लय मोठा आहे." जुना टीव्ही टेम्पोत चढला तेव्हा तो दाराशी जाऊन उभा राहिला.

मला माहीत नव्हतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण मला विचारलं होतं. मागवू का, असं स्पष्ट विचारलं होतं. आणि उत्तर देताना मी दादाकडं पाहिलंही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारच्या फोनमध्ये मी एक प्रश्न वाढवला होता : टीव्ही नीट चालतो का? "चालते न," तो म्हणायचा. "गंज चॅनल आहेत. एक पायतो तं बाकीचे वाया जाते." पाहुण्याचं नाव त्यानं कधी काढलं नाही, आणि मला बरं वाटलं, की चला, ते खूळ गेलं. आठ महिने.

तेरावं झाल्यावर घर रिकामं करायचं काम माझ्याकडंच होतं. घर भाड्याचं होतं. मालकांनी घाई केली नाही, पण मला काम लांबवत ठेवणं जमत नाही. मी रविवारी रविवारी जाऊन एकेक खोली हातावेगळी करत होते. माग आसगावच्या एका विणकरानं नेला, भांडी शेवंताला दिली. भिंतीवरून दिनदर्शिका काढताना मी सवयीनं गोळ्यांच्या खुणा तपासल्या. शेवटच्या दिवसापर्यंत एकही चुकली नव्हती. त्या खिळ्यावर खाली मागच्या वर्षीचीही होती. ती उलटून पाहिली, तर तिथं प्रत्येक तारखेवर बरोबरच्या खुणेशेजारी एक बारीकसं गोल होतं. रोज. डोळ्याच्या ऑपरेशनच्या पाच दिवसांवर गोल होतं पण अर्धं, खालून उघडं. ते दिवस शेवंताचे. मला आधी वाटलं, शेवंताच्या डब्याचा हिशेब असेल. मग दिवाळीच्या पानावर आले. पाडव्याला गोल आहे. भाऊबीजेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. त्यानंतर कुठंच नाही. गोळ्यांच्या खुणा मात्र पुढं चालूच आहेत, एकीखाली एक, मी सांगितलं होतं तशा.

मी शेवंताला हाक मारली. ती ओल्या हातानंच आली, पान पाहिलं. तिला अक्षर कळत नाही, पण ती गोलं तिला ठाऊक होती. "पाहुण्याचे आहेत न ते," ती म्हणाली. मी विचारलं, दादा नंतर काही बोलला का, माझ्याबद्दल? तिनं सांगितलं. "मी म्हटलं होतं त्याईले, मंदाताईले फोन करून सांगा न, वायर लागत नाही म्हणून. तं म्हणे, नोको. तिनं एवढ्या हौसेनं आणला, तिले वाईट वाटन." मग पदराला हात पुसत म्हणाली, "संध्याकाळी मोठा टीवी लावूनच बसत होते. आवाज येत होता मले. हासणं नाही आलं आयकू."

डबा मागाच्या खोलीत सापडला, फडताळात. वहिनीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, वायरचा लडा त्याच्यावर. घरात सगळीकडं धूळ होती. त्या कापडाची घडी मात्र नवी होती. तो बहुधा उघडून पुसून परत ठेवत असावा. की नुसतंच उघडून बघत असावा... हे विचारायला आता कोणी नाही.

जोडणी मिळायला फार धडपड करावी लागली नाही, हे लिहायलाच मला सगळ्यात जड जातंय. भंडाऱ्यात, माझ्या कचेरीच्या रस्त्यावर, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ती होती. काडेपेटीएवढी. दुकानदारानं खणातून काढली, फुंकर मारून हातावर ठेवली. त्या दुकानावरून मी आठ महिने रोज दोनदा गेले आहे.

पुढच्या रविवारी पवनीला गेले. घर जवळपास रिकामं झालं होतं. पलंग आणि भिंतीवरचा टीव्ही एवढंच उरलं होतं. डबा जोडला. मीनलला फोन करून विचारत विचारत जोडला. ती पुण्याहून म्हणाली, "आई, तू?" आणि मग एकेक वायर कुठं लावायची ते सांगू लागली. सुरू झाला. त्या मोठ्या पडद्यावर ती छोटी खोली आली, जरा पुसटशी, आणि चटईवर पाहुणा. बंद टीव्हीसमोर. पाठ करून.

मी पलंगावर बसले. आतला टीव्ही लावला. कान हलले नाहीत. भाज्यांचं भांडण संपलं, चाक डोंगर उतरून गेलं. तो वळला नाही. मी वही उघडली नाही, पण ती मांडीवर होती आणि तिच्यात त्या दिवसाची कामं होती, हे खोटं कशाला सांगू. परतीची बस गेली. शेवंता डोकावून चहा ठेवून गेली. त्या दिवशी पाहुणा वळला नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं डबा भंडाऱ्याला घेऊन आले.

आमच्या घरी यजमान बातम्या मोबाईलवर बघतात, आतल्या खोलीत, कानात वायर घालून. बाहेरचा टीव्ही मोकळाच असतो. मी रोज साडेसातला बसते. पहिले काही दिवस मी केलं ते सगळं चूक असावं. दर दोन मिनिटांनी बटण दाबायचे, एक झालं की दुसरं, चारही. मीनल म्हणाली, "आई, तू त्याच्याकडून काम करून घेतेयस. टीव्ही बघ ना." मग मी टीव्ही बघायला लागले. त्या पक्ष्याचं पीठ दरवेळी का सांडतं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं : तो पातेलं टेबलाच्या अगदी काठावर ठेवतो.

परवा तो वळला. पीठ सांडलं, कान उभे राहिले, आणि त्यानं मान फिरवून बघितलं. कोण आहे ते पाहिल्यासारखं. चारांतलं कुठलं बटण, हे दादानं शेवंताला चार वेळा सांगितलं होतं, मला एकदाही नाही. मी विचारलंच नव्हतं. मी हातातल्या यंत्राकडं पाहिलं. तीन बटणांचे रंग शाबूत होते. चौथ्याचा रंग अंगठ्यानं पार उडाला होता आणि मधोमध एक गुळगुळीत खळगा पडला होता.

मी त्या खळग्यात अंगठा ठेवून दाबलं. पाहुण्यानं उडी मारली, हसला, आणि टीव्हीकडं वळला. मी शेजारच्या जागेकडं बघितलं, हसण्याआधी बघायचं असतं म्हणून. मग थांबले.